पुढ्यात ठेवलेलं

"जेन्युइन म्हणजे काय रे मुकुंदा?" केवलगिरी महाराजांनी विचारलं.

मुकुंद आठल्ये कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. बायको बाळंतपणात गेली आणि तेरावं होताच हा मठात येऊन बसला, संन्यास द्या म्हणून. माझं वैराग्य जेन्युइन आहे, माझं वैराग्य जेन्युइन आहे... मठाच्या चुलीपाशी रांधताना ऐकून ऐकून माझे तर कान किटले होते.

"जेन्युइन म्हणजे अस्सल. मनापासूनचं." शब्दाचा विषय निघाला तसा तो खुलला. "काही जण सांगतात, शब्दाचं मूळ लॅटिन 'जेनु'त, म्हणजे गुडघ्यात आहे. जुन्या रोममध्ये मूल जन्मलं की बापाच्या पुढ्यात आणून ठेवत. बापाने उचलून मांडीवर घेतलं, की ते त्याचं. ते जेन्युइन."

"आपल्याकडे दत्तक घेताना घेतात तसं."

"अगदी तसंच, महाराज."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर... बाहेर नेऊन ठेवत."

"मग?"

"कोणी नेलं तर नेलं."

"नाही नेलं तर?"



बाहेर पायरीवर त्याची सासू सकाळपासून बसली होती. मांडीवर तान्ही नात. "माझ्याच्याने होत नाही हो आता," एवढंच ती मला म्हणाली. मुकुंदाने एकदा पाहिलं होतं आणि मान फिरवून माळ ओढायला घेतली होती. असला संताप आला मला!

रडून रडून पोरीचा आवाज बसला होता.

"आईला खाल्लंन तिने!" मुकुंद एकदम ओरडला. "तोंड बघवत नाही मला तिचं."

दीक्षेसाठी घडी करून ठेवलेली भगवी छाटी महाराजांनी उचलली. मुकुंदाने हात जोडले, डोकं पुढे केलं.

महाराजांनी छाटी टर्रकन मधोमध फाडली.

ते पायरीवर गेले. पोरीचं ओलं दुपटं काढलं, तिला भगव्यात गुंडाळलं आणि आत आणून मुकुंदासमोर फरशीवर ठेवलं.

फरशी गारठलेली होती. पोरीच्या घशातून आता नुसती घरघर येत होती.

मुकुंदाचे हात जोडलेलेच राहिले.

"महाराज... माझी दीक्षा?"

"पुढ्यात ठेवलीय. उचलतोस, की बाहेर नेऊन ठेवू?"