रंगशेठची पाणपोई

फार पूर्वी एका गावची विहीर गुलाबी झाली, आणि ती चूक सर्वस्वी रंगशेठची होती. एवढं आधीच ध्यानात ठेवा, कारण गावातल्या थोरामोठ्यांनी ते कधीच ठेवलं नाही.

शेठ एका कढईत कापड रंगवत वर आला होता. आता ओढ्याकाठी त्याचा मोठा कारखाना होता. त्याचा रंग कधी उतरत नाही, ही त्याची ख्याती. हातही सढळ. शाळा त्यानं बांधली, धर्मशाळा त्यानं बांधली, देवळाच्या पायऱ्याही त्याच्याच. कारखान्याचं रंगीत पाणी मात्र ओढ्यात सुटायचं आणि तिथून विहिरीत झिरपायचं. शेठच्या घरी डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी बैलगाडीनं यायचं, त्यामुळे त्याला याचा पत्ताच नव्हता. थोरामोठ्यांना होता. पण सत्काराचा पेढा तोंडात असला की बोलायचं कसं?

एका वर्षी शेठनं पाणपोई बांधून दिली. संगमरवरी, वर नावाची पाटी. पाणी त्याच विहिरीचं. उद्घाटनाला पाटलांनी तासभर भाषण केलं. शेठ म्हणजे चालती गंगा, असं तीनदा म्हणाले.

गावची रीत अशी, की पाणपोईचं पहिलं फुलपात्र ती बांधून देणाऱ्यानं प्यायचं. पाणी द्यायला नेमलेल्या गोजराबाईनं ते भरून पुढे धरलं.

शेठ खूश झाला. "वा, सरबत केलंय?"

"नाही शेठ, पाणीच आहे. तुमच्या कारखान्याखालच्या विहिरीचं."

पाटलांनी डोळे वटारले आणि शेठच्या गाडीतली झऱ्याची घागर आणायला माणूस पिटाळला. घागर आलीसुद्धा. शेठ एकदा घागरीकडे बघे, एकदा फुलपात्राकडे.

"घागरीतलं प्या की," गोजराबाई म्हणाली. "आम्ही काही म्हणणार नाही. चार वर्षं कुठं काय म्हणालो?"

शेठनं फुलपात्र उचललं आणि घटाघटा रिकामं केलं. पांढरीशुभ्र मिशी गुलाबी झाली. आधी पोरं हसली, मग बाया, मग शेठ स्वतः. पाटील तेवढे सवयीनं टाळ्या वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी शेठनं ओढ्यात जाणारी मोरी बुजवली, रंगीत पाण्यासाठी पक्के हौद बांधायला घेतले आणि पुढे झऱ्याचं पाणी नळानं गावात आणलं. नावाची पाटी उतरवून गोजराबाईला धुणं धुवायला दिली.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याला द्यायचं ते आधी स्वतःच्या तोंडाला लावून बघावं. वडीलधाऱ्यांच्या टाळ्यांवर जाऊ नये.

शेठला हे एका अख्ख्या लग्नसराईला पडलं. कारखाना सहा महिने बंद राहिला, आणि मिशी शेवटपर्यंत गुलाबीच राहिली.