दोन वाट्यांचा दगड

करंजझिरा आणि धोंडमाळ या दोन गावांमधल्या खिंडीत गुडघाभर उंचीचा एक काळा दगड आहे. त्यात शेजारीशेजारी दोन वाट्या कोरल्या आहेत; मावळतीकडची बोटभर जास्त खोल. पाहुणे आले की करंजझिऱ्याचे गेनूबाबा त्यांना सावलीला बसवतात आणि सांगतात, ही सगुणेची वाटी, ती खोल येसूची.

फार जुनी गोष्ट, म्हणे. सगुणा उगवतीच्या उतारावर नांदत होती. तिथे काळी माती, सकाळचे कोवळे ऊन आणि वरच्या कड्यातून येणारा झरा. तिच्या द्राक्षांचे आसव मऊ आणि गोड उतरे. तिच्या धाकट्या बहिणीने, येसूने, हट्टाने मावळतीचे घर पत्करले. तिथे मुरूम आणि दुपारभर भाजणारे ऊन. मणी बारीक, साल जाड, आसव तुरट. बाप नको म्हणत होता, तेव्हा ती म्हणाली होती, "पाणी मागायला माघारी येणार नाही."

दर वैशाखात बहिणी एकमेकींना नव्या आसवाचे मडके धाडत. एका घोटात सगुणेला सारे कळे. पाऊस कमी झाला की आसव गडद आणि जास्तच तुरट, ढग बसून राहिले की फिके. वेगळा निरोप लागत नसे.

एका वर्षी येसूचे मडके आले ते गोड. सगुणेच्या सासूने मिटक्या मारल्या. "तुझी बहीण सुधारली गं बाई! माळाला गोडी आली."

सगुणेने दुसरा घोट जिभेवर धरून ठेवला. रंग दुष्काळाचा, गोडी भरल्या वर्षाची. ती गोडी टोकावरच राहिली. मागे घशाशी नुसती साल घासली.

"आत्याबाई, हा गूळ आहे," ती म्हणाली, आणि तशीच खिंड चढून गेली.

असे सांगतात, की पोटुशी येसू तेव्हा भांडी धुतलेले पाणी ओंजळीने वेलींना घालत होती.

"उन्हाची कशाला आलीस?"

"गूळ का घातलास गं?"

"तुला घोर नको म्हणून, आक्का."

"तो घोर माझा आहे, मला दे. गूळ तुझा तू ठेव."

"मी पाणी मागायची नाही."

"नको मागूस. कुदळ कुठंय तेवढं सांग."

सगुणेने झऱ्यापासून खिंडीकडे पाण्याची चारी खणायला घेतली. तिसऱ्या दिवशी सासूच पाटी घेऊन आली, तिच्यामागे गाव आले. आठव्या दिवशी पाणी मावळतीकडे वळले. पुढच्या वैशाखात मडके आले ते तुरट. सगुणा पीत राहिली आणि डोळे पुसत राहिली.

येसूची वाटी खोल का, असे कुणी विचारले तर गेनूबाबा म्हणतात, "ती कमी बोलायची ना."

आजही दर चौथ्या दिवशी चारीचे पाणी मावळतीला जाते. तरी धोंडमाळचे आसव तुरटच. तो मुरूम आणि ते ऊन कुणी बदलू पाहत नाही. आजही वैशाखात दोन्ही गावांची मडकी या दगडापाशी येतात आणि वाट्यांत ओतली जातात. त्यांत गूळ घालत नाहीत, आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत कुणी कुणाची खुशाली विचारत नाही. शेजारी एक कुदळ मात्र ठेवलेली असते.