राहेलआजीची कोंबडी

"पण पाळकसाहेब, मी कोंबडी परतच दिली ना? घेऊन पळालो तर नाही! मग चुकलं काय माझं?"

योनाथान ओट्यावर टेकलाही नव्हता, तोवर प्रश्न बाहेर. गाडीचं दार मागे उघडंच.

पाळकसाहेब चर्चच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण निंबेवाडीत पाळकसाहेब म्हटलं की अजून तेच. योनाला पहिली प्रार्थना याच ओट्यावर त्यांनीच शिकवलेली.

"आधी सलाम तरी कर."

"सलाम. आता सांगा ना."

...

आता हा योना म्हणजे कसा, तर देणारा माणूस. पुण्यात नोकरी, चांगला फ्लॅट, हात एकदम मोकळा. चर्चचे पंखे त्याचे, माइक त्याचा, नाताळचा केक त्याचा. समोरचा नको म्हणायच्या आत याचा हात खिशात गेलेला असायचा. आणि ते त्याला आवडायचं. खूपच आवडायचं.

तर झालं असं. कापणीच्या सणाला गावातला जो तो देवाला काहीतरी आणतो. कुणी भोपळा, कुणी ज्वारी, कुणी गूळ. उपासना झाली की आवारातच त्याचा लिलाव, आणि जमलेले पैसे चर्चच्या मंडळीला. नुसती धमाल असते! यंदा राहेलआजीने तिची कोंबडी आणली होती. घरात होती तेवढी एकच.

योनाने बोली जी चढवली ती चढवलीच. मागून कुणीतरी ओरडलं, "योना, पुण्याला लिफ्टने नेणार का रे तिला?" सगळं आवार हसलं. योनाने पैसे भरले, कोंबडी उचलली आणि सगळ्यांच्या देखत आजीच्या हातात ठेवली.

"आजी, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त गरज आहे."

काय टाळ्या पडल्या!

त्या दिवसापासून राहेलआजी चर्चला आली नाही. नाताळलासुद्धा नाही.

"आत्ताच जाऊन आलो तिच्याकडे," योना म्हणाला. "दार अर्धंच उघडलं. 'बरं चाललंय साहेब,' म्हणाली. साहेब! लहानपणी पदराने माझं नाक पुसलंय तिने, आणि आता मी साहेब?"

पाळकसाहेब शेंगा फोडत राहिले.

योनाला गप्प बसणं कधीच जमलं नव्हतं. त्याने पिशवीतून स्वेटर काढला.

"हा घ्या. तुमच्यासाठी आणलाय. थंडी काय पडलीय इकडे!"

पाळकसाहेबांनी हात झटकले. स्वेटर उलगडला, लोकरीवरून हात फिरवला. मग नीट घडी घातली आणि योनाच्या मांडीवर ठेवला.

"राहू दे. माझ्यापेक्षा तुला जास्त गरज आहे."

"असं काय करता? दुकानात तासभर उभा होतो मी. तुम्हाला काळा चालत नाही, म्हणून मुद्दाम हा..."

तो थांबला.

...

कान तापले त्याचे. एवढ्या थंडीत.

"आण आता," पाळकसाहेब म्हणाले. स्वेटर डोक्यातून घातला, चष्मा वाकडा झाला तो सरळ केला. "बाह्या लांब आहेत."

"बदलून आणतो."

"नको. हाच घालणार मी."

योना हसला नाही.

"नातवाला साप चावला होता तिच्या," पाळकसाहेब म्हणाले. "माहीत होतं तुला?"

"नाही..."

"वाचला. त्याबद्दल देवाची उपकारस्तुती म्हणून ती कोंबडी. वर्षभर मंडळीकडून घेतच असते बाई. धान्य आपण देतो, औषध आपण देतो, अंगावरची साडी आपण देतो. त्या दिवशी माइकवरून नाव पुकारलं तिचं. राहेल पाटोळे यांच्याकडून एक कोंबडी. तिचा चेहरा बघितलास तू?"

योनाने आठवून पाहिलं. कोंबडी आठवली. हसणारी माणसं आठवली. टाळ्या तर चांगल्याच आठवल्या.

चेहरा नाही आठवला.

"पण तुम्ही होतात ना तिथे! तुम्ही का नाही थांबवलंत मला? तुम्हीही टाळ्या वाजवल्यात, पाळकसाहेब, मी बघितलं!"

"वाजवल्या."

...

"जोरात वाजवल्या," म्हातारा म्हणाला. पुढची शेंग हातात तशीच राहिली.

आवारात कुणीच नव्हतं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

"परवा गेलो होतो मी," पाळकसाहेब म्हणाले. "टोपलीत अंडी साठवलीत. वास मारतोय. मी म्हटलं, राहेल, खात का नाहीस? म्हणाली, देवाच्या कोंबडीची आहेत, मी कशी खाऊ? मग म्हटलं, चर्चला आण. तर म्हणाली, देवाने कोंबडीच माघारी पाठवली. माझं चालत नसेल त्याला."

योनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी... मी पुन्हा लिलाव करायला लावतो. सगळ्यांना बोलावतो. या वेळी घेऊनच जातो पुण्याला, खरंच!"

"माघारी आलेलं देवाला पुन्हा देत नाही म्हणते."

"मग तिच्या घरावर पत्रे घालून देतो. नातवाच्या शाळेचं बघतो. काहीही देतो, पाळकसाहेब! काय देऊ ते फक्त सांगा."

पाळकसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं योनाला.

"जेवलास?"

"मी? नाही अजून. का?"

"तिच्याकडे जा. आजी, भूक लागलीय, म्हण."

"तिच्याकडे आहे काय, वाढायला?"

हे बोलून गेला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं.

...

तो उठला. गाडीपाशी गेला आणि सवयीने डिकी उघडली. तांदळाची गोणी, तेलाचा डबा, साखर, सगळं आजीसाठीच भरून आणलेलं. त्याने गोणीला हात घातला.

"योना."

त्याने हात काढला. डिकी बंद केली. किल्ली खिशात टाकली, आणि मग हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना.

"चालत जातो," तो म्हणाला.

पाळकसाहेबांनी मान हलवली.

फाटकापर्यंत गेला आणि वळला. आवाज अगदी बारीक झाला होता त्याचा, लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत असायचा तसा.

"आणि तिने नाहीच वाढलं तर?"

"मग उपाशी ये," पाळकसाहेब म्हणाले. "तेवढं तरी घे तिच्या हातून."