महाराजांच्या तुमानीचं भोक

"'हिअर' म्हणजे ऐकणे आणि 'लिसन' म्हणजेही ऐकणेच! मग एका कामाला दोन शब्द कशाला?" सोनखिंडीचे महाराज गरजले.

सबनीस मास्तर महाराजांना रोज इंग्रजी शिकवत आणि रोज घाम पुसत. "सरकार, कान उघडे असले की 'हिअर' आपोआप होतं. 'लिसन' मात्र करावं लागतं."

"काहीतरीच! हा फरक आत्ता, भर दरबारात करून दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा! दुसऱ्या कोणाला जमलं, तर तो मागेल ते देऊ!"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात दारापाशी ताटकळलेली ठकू परटीण पुढे झाली. परीटआळीची विहीर बुजवून तिथे महाराजांना टेनिस खेळायचं होतं. बिचारी ठकू दरबारात खेटे घालून दमली होती. महाराज "ऐकलं, ऐकलं" म्हणायचे आणि तिकडे मुरमाच्या गाड्या येतच राहायच्या.

"म्या दावते, सरकार! पन आधी माझं गाऱ्हाणं."

"बोल, बोल." महाराजांनी आरसा घेऊन मिशीला पीळ द्यायला सुरुवात केली.

"हिर बुजली तर आमची चूल इझंल, सरकार."

"हं."

"नदी कोसभर लांब. म्हाताऱ्यांनी गठुडी न्यायची कशी?"

"हं, हं." डावी मिशी काही केल्या वळत नव्हती.

ठकूने आवाज जराही चढवला नाही. "आन् सरकारांच्या अंगावरल्या तुमानीला मागनं भोक पडलंया."

"काय?" महाराज ताडकन उठले आणि तितक्याच चपळाईने खाली बसले. "कुठे? केवढं?"

"सांगते. पन त्याच्या आधी म्या काय म्हनले, सरकार?"

महाराज मास्तरांकडे पाहू लागले. मास्तर छताकडे पाहू लागले.

"मगाधरनं चाललं हुतं, ते हिअर! भोकाचं झालं, ते लिसन!"

महाराज पोट धरून हसू लागले. "शाबास! आत्ता कळलं! माग, काय हवं ते!"

"हिरीचं लिसन करा, सरकार!"

"केलं! मुरूम परत न्या! टेनिस आम्ही गच्चीवर खेळू! आणि हिला जरीकाठी लुगडं द्या!" मग महाराजांनी हळूच विचारलं, "पण ठकू, भोक खरंच आहे? आम्हाला तर दिसलं नाही."

"दिसंल कसं? मागं हाय! वळून बघाया लागतं, सरकार!"

मास्तरांनी टाळीच वाजवली. "दिसणं म्हणजे 'सी', बघणं म्हणजे 'लुक'! सरकार, उद्याचाही धडा झाला!"

महाराज पुन्हा खो खो हसले. दरबार संपेपर्यंत जागचे उठले मात्र नाहीत!