कड्यावरचा किल्लेदार

एका गडावर एक किल्लेदार होता. नाव मानाजीराव. त्याला नव्या कल्पनांची भारी हौस. त्यानं दवंडीच पिटवली होती, "नवं काही सुचवा. जमलं तर सोन्याचं कडं. फसलं तर कडेलोट. नियम सगळ्यांना सारखा, मलासुद्धा."

पहिल्याच वर्षी एकानं उंदरांवर उपाय म्हणून धान्याच्या कोठारात मांजरं ठेवली. मांजरं झोपली. त्याला कड्यावरून ढकललं. दुसऱ्यानं बिनधुराची चूल केली. धूर झाला. त्यालाही ढकललं. त्यानंतर बारा वर्षं गडावर कुणालाच काही सुचलं नाही.

"आपली माणसंच मठ्ठ," मानाजीराव हळहळायचा. सगळे मान डोलवायचे. जोरात.

एका उन्हाळ्यात शत्रूनं गडाला वेढा घातला आणि त्यातच पाण्याच्या टाक्याला तळाशी भेग पडली. गडावर दुसरं पाणी नव्हतं. उरलं होतं ते आठ दिवसांचं.

येसू बेलदारीण रोज त्या भेगेकडे बघायची. तिचा जन्म दगडचुन्यात गेलेला. चुन्यात विटांची भुकटी आणि बेलफळाचा चीक कालवला तर भेग बुजेल, हे तिला कळत होतं. पण चीक किती घालायचा ते दोन-तीनदा करून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि त्या गडावर दुसऱ्यांदा करून बघायला कुणी उरत नसे. घरी लेकीचे ओठ तहानेनं फुटले होते. तरी येसू गप्प राहिली.

शेवटी किल्लेदारालाच कल्पना सुचली. त्यानं भेगेत कणीक भरली. सगळे म्हणाले, "वा सरकार!" टाक्यातल्या माशांनी ती दुपारपर्यंत खाल्ली.

"नियम म्हणजे नियम," मानाजीराव म्हणाला आणि ताठ मानेनं कड्यावर जाऊन उभा राहिला. मग त्यानं खाली बघितलं.

"सरकार, ढकलू?" पहारेकऱ्यांच्या दौलू नाईकानं अदबीनं विचारलं.

"थांब जरा. कुणाला दुसरं काही सुचतंय का?"

तीनशे माणसं आपापल्या पायाची बोटं बघू लागली. मानाजीरावाच्या टाचेखालचा एक खडा सुटला आणि दरीत गेला. पडल्याचा आवाज आलाच नाही.

येसू गर्दीतून पुढे आली. हा गेला तरी नियम राहणार. भेगही राहणार. तिनं डोळे घट्ट मिटले.

"सरकार, मी भेग बुजवते. पण पहिल्यांदा फसेल. दुसऱ्यांदाही बहुतेक फसेल."

नाईकानं बोटं मोजली. "म्हणजे बाई, तुला दोनदा ढकलावं लागेल."

"एकदा ढकलल्यावर दुसऱ्यांदा चुना कोण कालवेल, नाईक?"

किल्लेदारानं पुन्हा दरीत बघितलं. इतक्या वर्षांत इथून तो पहिल्यांदाच बघत होता.

"आजपासून कुणालाच ढकलायचं नाही," तो म्हणाला.

"पण सरकार, ही नवी कल्पना झाली. फसली तर?" नाईकानं विचारलं.

"तर दुसरी काढू. आधी माझा हात धर!"

येसूचा पहिला चुना सकाळपर्यंत वाहून गेला. सवयीनं सगळ्यांनी कड्याकडे बघितलं. किल्लेदार टाक्याच्या पायऱ्या उतरून येत होता. येसूच्या हातातली थापी गळून पडली. तो कमरेइतक्या पाण्यात शिरला, बाह्या सारल्या आणि म्हणाला, "चीक कमी पडला की जास्त झाला?"

"कमी," येसू म्हणाली. तिनं थापी उचलली.

दुसराही फसला. तिसरा टिकला. तोवर सुताराला, आचाऱ्याला आणि खुद्द दौलू नाईकाला वेढ्यावरचे उपाय सुचायला लागले होते. किल्लेदारानं सगळे ऐकून घेतले आणि करून बघितले. त्यातले सहा भयंकर होते. सातव्यानं वेढा उठला.

तात्पर्य: जिथं चुकणाऱ्याला कड्यावर उभं करतात, तिथं चुका थांबत नाहीत, बोलणं थांबतं. नवं काही हवं असेल, तर म्होरक्यानं आधी चुकायला जागा द्यावी.