कोळवडीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका

एका गावात एक भोळा टायपिस्ट होता. त्याचं नाव सावळाराम, गावाचं नाव कोळवडी.

भोळा म्हणजे किती? वाचनालयाच्या दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी होती. एकदा सावळाराम अनवाणी आला. त्याने पाटी वाचली. घरी गेला, चपला घालून आला आणि त्या दारात काढल्या.

पण टायपिंगला पक्का. समोर जे असेल ते टाइप करायचा. एकदा कागदावर चहाचा डाग पडला होता, तर तिथं त्याने 'चहा' टाइप केलं. गावातली मोठी मंडळी म्हणायची, "सावळाराम म्हणजे अनुभवी माणूस." वीस वर्षं न चुकता एकच चूक केली की कोळवडीत तिला अनुभव म्हणतात.

याच गावात बळवंत गुरुजी राहायचे. वय त्र्याऐंशी. एकोणीस वर्षं खपून त्यांनी गावाचा इतिहास लिहिला होता. कुणाचं घराणं कुठून आलं, शाळा कुणी बांधली, पहिली सायकल कुणाची, सगळं. सावळारामने तो आठ महिने बसून वाचनालयाच्या संगणकावर टाइप केला. चारशे बारा पानं झाली.

गुरुजींची इच्छा एकच होती. "यात्रेला सगळं गाव जमतं," ते म्हणायचे, "सुरतेचं येतं, दुबईचं येतं. प्रत्येकानं पुस्तक उघडावं, अनुक्रमणिकेत आपलं घराणं शोधावं आणि थेट त्या पानावर जावं. एवढं डोळ्यांनी बघितलं की मी सुटलो."

तालुक्याचा छापखानेवाला म्हणाला, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फाईल द्या. शनिवारपासून लग्नपत्रिका सुरू. मग जूनपर्यंत मशीन मोकळं नाही."

म्हणजे शुक्रवार चुकला की यात्रा चुकली.

सावळाराम अनुक्रमणिकेला बसला. एकेक प्रकरण शोधायचा, पानाचा आकडा वहीत उतरवायचा, मग टाइप करायचा. नाव आणि आकडा यांच्यामध्ये टिंबं. एका ओळीत बावन्न टिंबं. तो मोजून द्यायचा. चार दिवसांत अनुक्रमणिका झाली.

सोमवारी गुरुजी आले. "सावळाराम, गावच्या विहिरीवर दीड पान राहिलं होतं. पहिल्या प्रकरणात घाल."

सावळारामने घातलं. पुढची सगळी पानं सरकली. अनुक्रमणिका म्हणत होती शाळा पान चाळीसवर आहे. चाळीसवर पटकीची साथ होती.

गुरुजींची नात मंजिरी पुण्याला कॉलेजात होती. तिची परीक्षा चालू होती. तिला फोन लावला.

"अहो सावळामामा, अनुक्रमणिका हाताने करतं का कुणी? ती संगणकाला करू द्यायची!"

"बरं मंजूताई. आता संगणकालाच करू देईन."

मंगळवारी सावळारामने सकाळी संगणक सुरू केला आणि हाताची घडी घालून समोर बसला. वाचनालयाचे अध्यक्ष दौलतराव आले. गावचे सरपंचही तेच.

"काय चाललंय?"

"मी काही करत नाही. तो करतोय."

दौलतरावांनी खुर्ची ओढली. आणखी दोघं आले. चौघं मिळून दिवसभर पडद्याकडे बघत बसले. दुपारी पडदा काळा झाला. "दमला असेल," दौलतराव म्हणाले. त्यांनी पंखा संगणकाकडे फिरवला.

संध्याकाळी परत फोन.

"मामा! नुसतं बसून काय होणार? त्याला सांगावं लागतं, प्रकरण कुठलं आणि पोटमथळा कुठला ते. प्रत्येक प्रकरणाच्या नावाला हेडिंग वन द्या. पोटमथळ्याला हेडिंग टू द्या. मग त्याला कळतं."

"बरं मंजूताई. वन देतो."

फोनची रेंज यथातथाच. बुधवारी सावळारामने प्रत्येक प्रकरणाच्या नावापुढं 'वन' टाइप केलं. प्रत्येक पोटमथळ्यापुढं 'तू' टाइप केलं. मग छापून गुरुजींना वाचायला दिलं.

गुरुजींनी भिंग घेतलं. "शाळेची स्थापना वन. पाणीपुरवठा वन. पटकीची साथ वन. अरे, आपल्या गावात झाडं मोजून अकरा. एवढं वन आणलंस कुठून?"

दौलतरावांना वनाचं काही नव्हतं. त्यांचं बोट दुसऱ्याच ओळीवर होतं. "'दौलतरावांचे घराणे तू'? मला तू? सावळ्या, तुझ्या बापानं मला कधी अरे-तुरे केलं नाही!"

मंजिरी फोनवर इतकी ओरडली की फोन कानाला लावायची गरज पडली नाही.

"आधी ते वन आणि तू काढा! आणि एकेक हाताने काढत बसू नका. शोधा-बदला म्हणून सोय आहे, ती वापरा. जे करायचं ते एका फटक्यात, सगळीकडे!"

"बरं मंजूताई. एका फटक्यात, सगळीकडे."

सावळारामने 'वन' शोधायला लावलं आणि बदलायच्या चौकटीत काही लिहिलं नाही. एका फटक्यात सगळीकडचं वन गेलं. मग 'तू'. ते नुसतं काढलं तर दौलतरावांचा राग जाईल का? त्याने विचार केला. मोठ्या माणसाला काय म्हणतात? म्हणून जिथं जिथं 'तू' होतं तिथं तिथं त्याने 'तुम्ही' केलं.

गुरुजी वाचायला लागले.

"'गावाचे जी शेतीवर चाले.' जी काय? जीवन होतं तिथं."

"वन काढलं, गुरुजी."

"'समाजभ बांधले.' 'प्रत्येक ऋतुम्हीत भांडी, कपडे अशा वस्तुम्हींचा बाजार भरे.' 'पाहुण्याला भाकरीवर तुम्हीप वाढत.'" गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. "अरे, तुम्हीप?"

"आता कसं," दौलतराव म्हणाले, "आदरानं लिहिल्यासारखं वाटतं."

एकोणीस वर्षं लिहिलेल्या पानांवरून गुरुजींनी नुसता हात फिरवला.

नशिबाने टायपिंग संपलं त्या दिवशी सावळारामने एक फाईल मंजिरीला पाठवली होती. ती तिच्याकडे जशीच्या तशी होती. गुरुवारी तिने फोन केला, तो थेट दौलतरावांना.

"काका, फाईल आहे माझ्याकडे. विहिरीचं दीड पान तेवढं पाठवा. अनुक्रमणिका मीच करते. दहा मिनिटांचं काम आहे."

मंडळींनी विचार केला. चहा झाला. परत विचार केला.

"दहा मिनिटांत झालेलं काम टिकणार कसं?" दौलतराव म्हणाले. "आणि एवढ्या मोठ्या ग्रंथाचं काम. त्याला अनुभवी माणूस लागतो. तू फाईल इकडं पाठव, पोरी. परीक्षेकडं लक्ष दे."

पोरीने दात-ओठ खात फाईल पाठवली. सावळारामला फोन लावून ती अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"मामा, नीट ऐका. आधी विहिरीचं दीड पान घाला. मग काही टाइप करायचं नाही. काही बदलायचं नाही. निवडायचं. वरच्या पट्टीत 'हेडिंग १' लिहिलंय, ते दाबायचं. मग रेफरन्सेसमध्ये जाऊन टेबल ऑफ कंटेंट्स दाबायचं. शेवटी अपडेट. काय करायचं?"

"विहीर घालायची, निवडायचं, दाबायचं, दाबायचं, अपडेट."

"शाब्बास. ठेवते, माझा उद्या पेपर आहे."

शुक्रवारी सकाळी सावळारामने विहीर घातली आणि प्रकरणाचं पहिलं नाव निवडायला घेतलं. तेवढ्यात त्याला आठवलं, एकेक करत बसायचं नाही. त्यावरूनच तर बोलणी खाल्ली होती. एका फटक्यात, सगळीकडे. त्याने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं पुस्तक निवडलं आणि हेडिंग १ दाबलं. मग टेबल ऑफ कंटेंट्स दाबलं.

संगणक बराच वेळ विचारात पडला. मग अनुक्रमणिका आली. येतच राहिली. प्रत्येक परिच्छेद अख्खा, शेवटी टिंबं, मग पानाचा आकडा. पानंच्या पानं. सावळारामने अपडेट केलं. एकंदर चारशे एकोणतीस पानांची अनुक्रमणिका झाली.

मंडळी गोळा झाली. "तालुक्यात कुणाकडं एवढी नसेल," दौलतराव म्हणाले.

पेपर देऊन आल्या आल्या मंजिरीने फोन केला. "आली का अनुक्रमणिका?"

"आली, मंजूताई."

"सगळं आलं त्यात?"

"सगळं आलं."

"काही राहिलं नाही ना?"

"एक ओळसुद्धा राहिली नाही."

मंजिरीला इतकं बरं वाटलं की ती पहिल्यांदाच हसली. "झालं तर मग! आता एकच बघा. एकच मजकूर दोनदा राहिला असेल, म्हणजे विहिरीचं दीड पान चुकून दोनदा पडलं असेल वगैरे, तर ते काढून टाका. एक गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची नाही, घोळ होतो."

"बरं मंजूताई. तसंच करतो."

त्याने तसंच केलं. संध्याकाळी साडेपाचला फाईल छापखान्यात पोचली. छापखानेवाला पुस्तकं वाचत नसे. तो छापायचा.

यात्रेच्या दिवशी तीनशे पुस्तकं आली. जाडजूड, पुठ्ठा बांधणीची. गुरुजींनी एक हातात घेतलं आणि त्याचा वास घेतला. समोर सगळं गाव बसलं होतं. पुण्याहून मंजिरीही आली होती.

सगुणाकाकू खरात पुढं आल्या. त्यांच्या सासूबाई काशीबाई चाळीस वर्षं गावाच्या सुईण होत्या. "गुरुजी, आमच्या आत्याबाईंचं बघा की."

गुरुजींना हेच तर हवं होतं. त्यांनी भिंग लावलं आणि बोटाने ओळ शोधली. "सापडलं! 'खरातांची काशीबाई ही गावाची सुईण. निम्मे गाव तिच्या हातावर जन्मले.' आणि पान आहे... सहाशे सेहेचाळीस."

"उघडा की मग."

गुरुजींनी पानं उलटली. चारशे सत्तावीस. चारशे अठ्ठावीस. चारशे एकोणतीस. पुठ्ठा.

त्यांनी परत उलटली. परत पुठ्ठा.

"आमचं सातशे बारा म्हणतंय," मागून कुणीतरी ओरडलं.

"आमचं पाचशे तीस!"

"माझं पाचशे चार," दौलतराव म्हणाले. "चिकटलं असेल." आणि ते नखाने पुठ्ठा सोलायला लागले.

मंजिरीने एक पुस्तक ओढून घेतलं. पहिलं पान बघितलं. पहिल्या ओळीच्या शेवटी टिंबं होती आणि आकडा होता चारशे तीस. तिची नजर गर्दीत सावळामामाला शोधायला लागली.

गुरुजींनी वळून हाक मारली. "सावळाराम, सहाशे सेहेचाळीसावं पान कुठंय रे?"

"ते काढलं, गुरुजी."

"काढलं?"

"चारशे तीसपासून शेवटपर्यंत सगळंच काढलं. बघितलं तर काय, अनुक्रमणिकेत होतं तेच सगळं खाली परत लिहिलेलं! म्हटलं एवढी चांगली अनुक्रमणिका झालीय, तर आता पुस्तक कशाला ठेवायचं?"