खोतांच्या जमिनीची हद्द

किनाऱ्यासमोरच्या खडकाळ बेटावर कोळी पिढ्यान्‌पिढ्या बोंबील सुकवत. एके दिवशी खोत रघुपंतांनी त्यांना अडवलं.

"ओहोटीला मी बेटावर चालत जातो. जिथवर माझे पाय चालतात, तिथवर जमीन माझी!"

चांगुणा कोळीण म्हणाली, "बरं, खोत. मग जिथवर आमची होडी तरंगेल, तिथवर दर्या आमचा ना?"

"खुशाल!" खोत हसले.

अमावास्येला उधाणाचं पाणी नेहमीसारखं खोतांच्या अंगणात शिरलं. चांगुणेने होडी थेट आत आणली आणि ओसरीच्या खांबाला बांधली.

"खोत, जरा सरकता का? बोंबील वाळत घालायचेत."

पंतांनी उपरण्याने नाक दाबलं. "अगं बाई, तिकडे बेटावरच घाल! बेट तुमचंच!"

चांगुणेने हसत होडी वळवली.